ज्योतीरामांची टाळी

टाळी काय, कुणीही वाजवतं. कीर्तनात वाजवतात, हळदीत वाजवतात, डास मारायलासुद्धा वाजवतात. पण सिनेमाची टाळी वाजवायला माणूस तसाच जन्मावा लागतो, असं ज्योतीरामांचं ठाम मत होतं. आणि तो माणूस म्हणजे आपण, याबद्दलही त्यांना कधी शंका आली नाही.

कुरुळीच्या जरा पुढे, पत्र्याचे भाग दाबून काढणाऱ्या एका कंपनीत ते टूलरूमला, म्हणजे साचे घडवायच्या खात्यात होते. राहायला थेरगावात, डांगे चौकाच्या मागच्या गल्लीत. सकाळी कंपनीची बस, संध्याकाळी कंपनीची बस, मधे काम. माणूस तसा सरळ. पण चहाच्या सुट्टीत कुणी नुसतं सिनेमाचं नाव काढलं, की ज्योतीराम हातातला ग्लास खाली ठेवायचे आणि म्हणायचे, "आमच्या स्टुडिओत..."

की लोक उठलेच.

आता खरं सांगायचं, तर त्यात खोटं काही नव्हतं. ऐन उमेदीत, मिसरूड फुटलं न फुटलं तेव्हा, ज्योतीराम कोल्हापुरात एका स्टुडिओत टाळी द्यायच्या कामाला होते. सिनेमात चित्र एका यंत्रात जातं आणि आवाज दुसऱ्या. मग दोघांची गाठ कशी घालायची? तर सुरुवातीला दोन फळ्यांची पाटी कॅमेऱ्यापुढे धरायची आणि ठक्कन मिटायची. चित्रात फळ्या जिथं मिटलेल्या दिसतात, तिथं आवाजातला ठक आणून बसवला, की पुढची सगळी बोलणी आपोआप ओठांवर येतात. पण एकदा गाठ पडली, की तो टाळीचा तुकडा कापून टाकतात. लग्नात अंतरपाट धरणाऱ्याचा फोटो कुणी अल्बममध्ये लावतं का? तसंच हे.

आणि इथंच ज्योतीरामांच्या संसाराला पहिली ठेच लागली होती. लग्नाला महिना झाला नसेल, तेवढ्यात त्यांनी टाळी दिलेला सिनेमा तालुक्याच्या टॉकीजला लागला. नवीन नवीन जावई, तोंडातून निघून गेलं, "मी आहे यात." झालं! बायकोच्या, म्हणजे कुसुमताईंच्या वडिलांनी, अण्णांनी, टेम्पो केला. सगळी भावकी त्यात भरली. म्हाताऱ्या पुढे, पोरं मागे, चिवड्याचा डबा मधे. तीन तास सगळ्यांनी डोळ्यांत तेल घालून जावई शोधला. गर्दीच्या सीनमध्ये शोधला, तमाशाच्या फडात शोधला, एका म्हाताऱ्या आत्याने तर तो प्रेतयात्रेत सापडला असंही जाहीर केलं. दिवे लागल्यावर अण्णांनी विचारलं, "जावई, कुठं होता तुम्ही?"

"होतो की प्रत्येक सीनला. पण ते कापतात."

"कापतात?" अण्णांचा चेहरा पडला. "असं काय चुकलं होतं तुमच्या हातनं?"

परतीच्या टेम्पोत कुणी चिवडा खाल्ला नाही. पुढे स्टुडिओचं काम आटलं, ज्योतीराम पोटापाण्यासाठी पिंपरी-चिंचवडला आले, पोरं झाली, ती मार्गी लागली. पण कुसुमताईंच्या तोंडात त्या दिवसापासून एक वाक्य बसलं ते बसलंच. ज्योतीराम म्हणाले, "अगं, मी मघाशी गॅस बंद केला," की कुसुमताई म्हणणार, "दिसलं नाही कुठं." मनाने बाई वाईट नव्हती. पण ते वाक्य ज्योतीरामांना कुसळासारखं टोचायचं.

तर यंदा कंपनीला पंचवीस वर्षं झाली. विजयश्री मॅडम म्हणजे सगळ्या कारखान्याच्या प्रमुख. त्यांनी ठरवलं, की फॅमिली डेला सगळ्यांच्या घरच्यांना बोलवायचं आणि एक फिल्म दाखवायची. फिल्ममध्ये तिघं बोलणार: स्वतः मॅडम, पत्रा दाबायच्या प्रेसवरचे सगळ्यात जुने कोंडीराम आणि कँटीनच्या सोजरबाई. तिघंही एकाच जागी, त्याच जुन्या प्रेससमोर, त्याच स्टुलावर बसून बोलणार.

"कंपनीत लहानमोठं कुणी नाही, हे दिसलं पाहिजे," मॅडम म्हणाल्या.

शूटिंगला क्वालिटी खात्यातला ऋतिक. सुट्टीच्या दिवशी लग्नांचे व्हिडिओ काढणारा पोरगा, त्यामुळे कॅमेरा स्वतःचा. प्रेस शॉपच्या आवाजात कॅमेऱ्याला काही ऐकू जाईना, म्हणून त्याने बोलणाऱ्याच्या कॉलरला छोटा माइक लावला आणि आवाज वेगळा घेतला. "नंतर ॲप जुळवतं काका, आता टाळीबिळी कोण वापरत नाही," असं तो वर ज्योतीरामांना म्हणाला.

पण ॲपने हात टेकले. प्रेस पडते धाड, परत धाड, परत धाड, आणि सगळे धाड सारखेच. कुठला धाड कुठल्या धाडला लावायचा, ते त्याला कळेना. सोजरबाईंचं तोंड मिटल्यावर आवाज सुरू व्हायला लागला.

ज्योतीराम मागे हाताची घडी घालून उभेच होते. "टाळी लागणार," ते म्हणाले. इतक्या वर्षांत पहिल्यांदा कुणी उठून गेलं नाही.

मॅडमना सांगितल्यावर त्या लगेच हो म्हणाल्या. "करा की. शेवटी नावं येतात त्यात तुमचंही टाकू."

"पडद्यावर?"

"पडद्यावरच. अजून कुठं?"

त्या दिवशी घरी जाऊन ज्योतीरामांनी चपला काढायच्या आधी सांगितलं, "फॅमिली डेला यायचं. पडद्यावर माझं नाव येणार आहे."

कुसुमताई भाजी निवडत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "दिसेल तेव्हा बघू."

मग काय, माणूस इरेला पेटला. मालाच्या खोक्यांचं लाकूड आणून रंधलं, टूलरूममधली बिजागरी लावली, खडूने लिहायला काळा रंग दिला. पट्टे रंगवायला वेळ नव्हता, म्हणून फ्लोअरवर धोक्याच्या जागी लावतात ती पिवळीकाळी टेप चिकटवली. परिणाम असा, की दोन दिवस ती पाटी टेबलावर होती आणि लोक लांबून वळसा घालून जात होते.

शूटिंगचा दिवस उजाडला. स्टुलावर कोंडीराम, मिशांना तेल लावून. भोवती अर्धी शिफ्ट बघायला उभी. ज्योतीरामांनी पाटी उचलली आणि एकदम त्यांना तो जुना स्टुडिओ आठवला. तापलेल्या दिव्यांचा वास, पावडरीचा वास, कुणीतरी ओरडायचं "सायलेन्स" आणि एवढी मोठमोठी माणसं, नट, नट्या, घोड्यांसकट, गप्प व्हायची. कशासाठी? तर ज्योतीरामच्या एका टाळीसाठी. त्यानंतर आयुष्यात त्यांच्यासाठी इतकं कुणी गप्प बसलं नव्हतं. घरी तर नाहीच.

"सीन एक, टेक एक," ते म्हणाले, आणि ठक.

त्याबरोबर भोवतीच्या सगळ्या माणसांनी एकच टाळी वाजवली आणि सगळे आपापल्या मशीनकडे चालू पडले. कोंडीरामसुद्धा उठले, पाठ फिरवली आणि प्रेस चालू केली.

तुम्ही कंपनीत काम केलं नसेल तर सांगतो. रोज शिफ्टच्या सुरुवातीला सगळे फळ्यासमोर उभे राहतात, सेफ्टीची शपथ होते आणि शेवटी सगळ्यांनी मिळून एक टाळी. टाळी झाली की कामाला. वर्षानुवर्षं हेच. आता ते हातात इतकं भिनलेलं असतं, की टाळी ऐकली की हात आधी वाजतात, पाय आधी चालतात, डोक्याला नंतर कळतं.

"कोंडीरामभाऊ, तुम्ही कुठं निघालात?" ऋतिक ओरडला.

"टाळी झाली न्हवं?" कोंडीराम म्हणाले.

परत बसवलं. परत ठक, परत टाळी, परत सगळे पसार. शेवटी बघ्यांना हाकललं आणि बोलणाऱ्याच्या हातात काहीतरी द्यायचं ठरलं, म्हणजे हात मोकळे नकोत. कोंडीरामना पत्र्याचा एक तुकडा दिला, सोजरबाईंना लाटणं आणि मॅडमना त्यांचाच मोबाइल. आता कोणी टाळी वाजवेना. ज्योतीरामांनी समाधानाने ठक केलं, पाटी बगलेत मारली आणि कॅमेऱ्यासमोरून तडक टूलरूमकडे निघाले.

"काका, तुम्ही पण?"

ज्योतीराम अर्ध्या वाटेवर थांबले. त्यांना अगदी मेल्याहून मेल्यासारखं झालं. अहो, टाळी दिली की कमरेत वाकून मांजरासारखं बाजूला सरकायचं, हे त्यांना ज्यांनी शिकवलं ते वर बसून काय म्हणत असतील?

पुढचं मात्र नीट झालं. म्हणजे त्यांना तसं वाटलं. घोळ होता तो आकड्यात. दर वेळी पाटीवर सीनचा आणि टेकचा नंबर बदलायचा असतो, म्हणजे कुठलं चित्र कुठल्या आवाजाचं ते कळतं. स्टुडिओत लिहायचं काम साहाय्यकाचं असायचं. ज्योतीरामांकडे फक्त फळी. आता लिहिणंही त्यांच्याकडे आलं आणि तिथं कंपनी आड आली. जागा तीच, स्टूल तेच, मशीन तेच, मग कंपनीच्या हिशोबात ऑपरेशन, म्हणजे काम, एकच. सीन एक. आणि टेकचं काय? तर रिजेक्ट मालाला कंपनीत कोणी नंबर देतं का? पीस ओके झाला, की मगच पुढचा नंबर. हा नियम ज्योतीरामांनी कधी मोडला नव्हता. आणि ऋतिक काही केल्या ओके म्हणेना. बोलणं चांगलं झालं, की तो अंगठा दाखवायचा आणि म्हणायचा, "कडक!"

कडक तर कडक. ओके कुठं म्हणाला?

म्हणून तिघांची सगळी बोलणी, बरी, वाईट, अर्धवट, ज्योतीरामांनी एकाच नावाने नोंदवली. सीन एक, टेक एक. ऋतिकचा जीव फोकसमध्ये अडकलेला. त्याने पाटीवर काय लिहिलंय ते पाहिलंच नाही. फॅमिली डेच्या सकाळी त्याने सगळं ॲपमध्ये घातलं आणि सांगितलं, एक टेक एकला जुळव. ॲप बिचारं सांगितल्या कामाचं. त्याने प्रत्येक चित्राला हाताला लागेल तो एक आवाज दिला. ऋतिकने सुरुवातीचं संगीत आणि वरून काढलेलं कारखान्याचं दृश्य तेवढं तपासलं, आणि तेवढ्यात मॅडमचा फोन आला, "आण लवकर, लोक बसलेत."

कँटीनमधली टेबलं काढून खुर्च्या मांडल्या होत्या. दुसऱ्या रांगेत कुसुमताई, अबोली रंगाची साडी नेसून. शेजारी ज्योतीराम, इस्त्रीचा शर्ट, गुडघ्यावर पाटी. त्यांच्या पुढे कोंडीराम आणि त्यांच्या भागूबाई.

संगीत वाजलं. कारखाना वरून दिसला. लोकांनी आपापली बस ओळखली. मग पडद्यावर विजयश्री मॅडम आल्या, हातात मोबाइल, चेहरा गंभीर. त्यांनी तोंड उघडलं आणि आतून कोंडीरामांचा घोगरा आवाज आला, "ह्या जागंवर आमचं खळं व्हतं. आन् तिकडं पेंट शॉप हाय न्हवं, तितं माझी म्हस बांधल्याली असायची. लई गुणाची म्हस. अजून सपनात येती."

सगळं सभागृह गार पडलं. हसावं की नाही, कुणाला कळेना, कारण खऱ्या मॅडम पहिल्या रांगेत बसल्या होत्या.

मग कोंडीराम आले. पिळदार मिशा, हातात पत्र्याचा तुकडा, आणि आवाज सोजरबाईंचा, "मी सासरी आले तेव्हा मला साधी पोळी येत नव्हती बघा. सासूबाई रागवायच्या, मी चुलीपुढं बसून रडायचे. मग हळूहळू हात बसला."

भागूबाईंनी नवऱ्याकडे वळून पाहिलं. "इतकी वरसं झाली, मला कदी बोलला न्हाईत."

इथं बांध फुटला. लोक खुर्च्यांवरून खाली यायला लागले. त्यातच सोजरबाई पडद्यावर आल्या, लाटणं रोखून, आणि मॅडमच्या करड्या आवाजात म्हणाल्या, "येत्या तीन वर्षांत निर्यात दुप्पट झाली पाहिजे. जो विभाग कमी पडेल, त्याच्याशी मी स्वतः बोलेन." मागच्या रांगेतले दोन मॅनेजर सवयीने सरळ बसले.

फक्त एकटे ज्योतीराम हसत नव्हते. ते वाकून ऋतिकपाशी गेले. "अरे, हे काय केलंस?"

"काका, सगळ्या फायलींवर टेक एकच आहे. तुम्ही नंबर बदललाच नाही?"

"तू ओके म्हणालास का?"

"कडक म्हणालो की!"

"कडक म्हणजे ओके, हे सांगायचं कुणी?"

मॅडमनी हात वर केला. हसून हसून त्यांच्याच डोळ्यांत पाणी आलं होतं, पण फिल्म थांबवायला सांगितली. पडदा पांढरा झाला. शेवटची नावं यायची होती, ती राहिलीच.

ज्योतीराम जागेवर येऊन बसले.

"आलं का नाव?" कुसुमताईंनी विचारलं.

"यायचं होतं. त्याच्या आधीच बंद केलं."

"हं," कुसुमताई म्हणाल्या. त्या एका हुंकारात टॉकीज, टेम्पो, भावकी, चिवड्याचा डबा, सगळं होतं. ज्योतीराम पाटीकडे बघत राहिले. त्यांना वाटलं, आपण आयुष्यभर दुसऱ्यांचं जुळवायला गेलो, आपलं कधी जुळलंच नाही. वाईट वाटलं माणसाला. खरंच वाटलं.

मॅडम उठून म्हणाल्या, "ऋतिक, मूळ तुकडे आहेत ना? न कापलेले? तेच लाव. भागूबाईंना कोंडीरामांचं खरं बोलणं ऐकू दे."

ऋतिकने लावले. हे तुकडे कॅमेऱ्याच्या स्वतःच्या आवाजासकट होते, त्यामुळे बोलणं प्रेसच्या धाडधाडीत बुडून गेलेलं. पण प्रत्येक तुकडा सुरू व्हायचा तो एका माणसापासून. पडदाभर ज्योतीराम. छातीशी पाटी, मान ताठ, नजर थेट समोर. "सीन एक, टेक एक." ठक! प्रेसच्या वरताण, खणखणीत, फळ्या मिटल्या त्याच क्षणी.

आणि सभागृहातल्या सगळ्या कामगारांनी एकच टाळी दिली.

दुसरा तुकडा. परत ज्योतीराम, परत ठक, परत सभागृहभर टाळी. तिसरा, चौथा. एकात ज्योतीराम पाटी बगलेत मारून कामाला निघाले, तेव्हा शिट्ट्या पडल्या. सगळ्या फिल्ममध्ये चित्राला आवाज जुळलेला माणूस एकच निघाला.

कुसुमताई पुढे सरकून, खुर्चीच्या कडेवर बसून बघत होत्या. जरा वेळाने म्हणाल्या, "अहो, टाळी वाजवून तुम्ही वाकून पळता कुठं?"

"बाजूला. चित्रात यायचं नसतं आपण."

"तेव्हाही असंच?"

"तेव्हाही असंच."

कुसुमताईंनी पदराचं टोक डोळ्यांना लावलं. "चूक नव्हती म्हणजे तुमची," त्या म्हणाल्या. "अण्णा असायला हवे होते आज." मग भानावर येऊन त्यांनी मोबाइल काढला, पडद्यावरचा पुढचा ज्योतीराम त्याच्या व्हिडिओत टिपला आणि माहेरच्या ग्रुपवर पाठवून दिला.

बाहेर आवारात बस उभ्या होत्या. अर्धे लोक हातात जेवणाचे डबे घेऊन गप्पा मारत होते, कुणाला घरी जायची घाई नव्हती. तेवढ्यात कुसुमताईंच्या भावाचा, बाळूचा, निरोप आला: "दाजी दिसले. आवाज आला नाही."

ज्योतीरामांनी कपाळाला हात लावला. "तुझं बोट माइकवर असेल."

"मग आता समोरच दाखवू त्याला," म्हणत कुसुमताईंनी बाळूला व्हिडिओ कॉल लावला. मागून त्याची बायको, पोरं, शेजारची एक म्हातारी, सगळी चौकटीत कोंबलेली. "पाटी धरा. नीट धरा. बाळू, बघ हं, तुझे दाजी सिनेमात काय करायचे ते."

ज्योतीरामांनी पाटी उचलली. जरा थांबले. मग बोटाने टेकचा एक पुसला आणि खिशातल्या खडूने तिथं दोन लिहिलं.

"दोन का?" कुसुमताईंनी विचारलं.

"पहिला ओके झाला. तू बघितलास ना."

कुसुमताई लाजल्या. या वयात, कंपनीच्या आवारात, बसच्या उजेडात, चक्क लाजल्या. ज्योतीरामांनी छाती भरून श्वास घेतला. "सीन एक, टेक दोन." ठक!

"दिसलं! ऐकू पण आलं!" बाळू तिकडून ओरडला.

ऐकू सगळ्यांनाच आलं होतं. आवारातल्या यच्चयावत माणसांनी डबे काखेत मारून एकच टाळी वाजवली, वळले आणि भराभरा बसमध्ये चढले. थेरगावची बस तर सगळ्यात आधी हलली. फाटकाबाहेर तिचा मागचा दिवा दिसेनासा होईपर्यंत ज्योतीराम पाटी धरून उभे होते.

"आता घरी कसं जायचं?" ते म्हणाले.

कुसुमताईंनी मोबाइल पर्समध्ये टाकला आणि पदर खोचला. "आमच्या अण्णांनी केला होता तुमच्यासाठी," त्या म्हणाल्या. "आता तुम्ही करा एक टेम्पो."